तहान मारून काढलेला दिवस
लेखमाला : देह आणि दिनक्रम – लेखांक ८

मागच्या आठवड्यात मूतखड्याचा विचार केला. त्याच वाटेवरचा, पण बायकांना कितीतरी अधिक गाठणारा आजार म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे घरोघरी ओळखीची आहेत. त्यांची चर्चा मात्र दबक्या आवाजात होते आणि ‘उन्हाळी लागली’ किंवा ‘स्वच्छता पाळली नसेल’ एवढ्यावर संपते. धाम नदीकाठच्या पवनारसारख्या शेतीच्या गावासाठी ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. इथे या आजाराचे कारण शोधताना बाईला दोष देण्याआधी तिचा दिवस कसा जातो ते पाहायला हवे.

आधी आजार घडतो कसा ते पाहू. साध्या संसर्गांपैकी बहुतेकांना, साधारण पाचांपैकी चारांना, ई. कोलाय हा जंतू कारणीभूत असतो. तो बाहेरून येत नाही; प्रत्येक निरोगी माणसाच्या आतड्यात त्याची वस्ती असते. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब, तर पुरुषाची सुमारे २० सेंटिमीटर. शिवाय स्त्रीच्या शरीरात मूत्रद्वार आणि गुदद्वार यांच्यातले अंतर थोडे असते. त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत पोचणे ही शरीररचनेतूनच येणारी शक्यता आहे. ती कुणाच्या अस्वच्छतेची खूण नव्हे. पोचलेला जंतू आपल्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो आणि वाढू लागतो. त्याला रोखण्याचा शरीराचा एक मोठा उपाय म्हणजे लघवीचा प्रवाह. लघवी पुरेशी तयार झाली आणि वेळेवर बाहेर पडली, तर चिकटण्याआधीच पुष्कळ जंतू वाहून जातात. पाणी कमी पडले की हा उपाय दुबळा होतो.

आता पवनारच्या परिसरातला कामाचा दिवस घ्या. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शेतात पाणी घामावाटेच इतके जाते की लघवीला उरते थोडे. निंदणाला किंवा कापूस वेचायला सकाळी गेलेली बाई संध्याकाळी परतते. मधल्या वेळात आडोसा मिळाला तर पऱ्हाटीचा, नाही तर तोही नाही. धुऱ्यावर पुरुषांची ये-जा असते. म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. हा निष्काळजीपणा नव्हे. लाज आणि सुरक्षितता सांभाळण्यासाठी तिने विचार करून काढलेला तो मार्ग आहे, आणि त्याची किंमत मूत्राशय मोजते.

यावर रास्त आक्षेप असा की पाणी आणि संसर्ग यांचा संबंध खरोखर सिद्ध आहे का? निव्वळ पाहणीवर आधारलेल्या अभ्यासांत एकवाक्यता नाही, हे मान्य. लघवी दाबण्याबद्दलचा पुरावाही सगळीकडे सारखा भक्कम नाही. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पेये घेणाऱ्या १४० स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाने रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायचे ठरले. वर्षभरात त्या गटात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. औषधाशिवाय आजार जवळजवळ निम्म्यावर आला. उलट पुसण्याची दिशा किंवा अंतर्वस्त्रांचा प्रकार यांवर नेहमी जो भर दिला जातो, त्याला एवढा भक्कम आधार मिळालेला नाही.

दुसरा आक्षेप : आता घरोघरी शौचालये झाली, मग अडचण कसली? अडचण अशी की शौचालय घरी आहे आणि बाईचा दिवस शेतात, बसस्थानकात, बाजारात किंवा शाळेत जातो. पवनारला राहणारे विनोबा १९४०च्या दशकात शेजारच्या सुरगावात स्वतः मैलासफाईला जात. घाण हा एकेका घराचा खासगी मामला नाही, साऱ्या गावाची जबाबदारी आहे, असाच त्या कामाचा अर्थ मी लावतो. लघवीच्या सोयीलाही तोच न्याय लावायला हवा.

तिसरा आक्षेप औषधाचा : पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरे होते, मग एवढा खटाटोप कशाला? गोळ्या लागतातच, पण योग्य त्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या. अर्धवट घेतलेल्या किंवा दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांमुळे औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर लघवीचे कल्चर करायलाच हवे. त्याची सोय सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे जवळच आहे. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त असेल तर धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढू नयेत. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. गरोदरपणात लक्षणे नसतानाही लघवी तपासून घ्यावी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवावी. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटल्याने धोका वाढतो, त्यावर योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर ते वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पण ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला, जायला जागा नसलेल्या बाईला देणे अन्यायाचे आहे. ग्रामसभेने शेतरस्त्यांवर, बाजारात आणि बसथांब्यावर बायकांसाठी पाण्याची सोय असलेली, कडी लागणारी मुतारी मागावी. शेतमालकाने मजुरीबरोबर पिण्याचे पाणी, आडोसा आणि मधली सुट्टी द्यावी. शाळेने मुलींना तासाच्या मध्येही जाऊ द्यावे. हा खर्च आरोग्याचाच आहे, आणि तो औषधांच्या बिलापेक्षा हलका आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयी पुढच्या लेखांकात.