एकवीस मुली, बावीस मुलगे

गेल्या लग्नसराईत माजलगावच्या बसस्थानकावर एक ओळखीचे शेतकरी भेटले. मुलगा एकुलता, पदवीधर. घरी चार एकर बागायत. वय तिशीकडे झुकलेले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर हळूच म्हणाले, "सर, तुमच्या कॉलेजात एवढ्या पोरी येतात. एखादं स्थळ असलं तर ध्यानात ठेवा. हुंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही आपल्याला." पूर्वी मुलीचे बाप असे बसस्थानकावर, बाजारात, लग्नमांडवात माणसे गाठत हिंडत. आता मुलांचे बाप हिंडू लागले आहेत.

हे असे का झाले, याची कारणे गावात ज्याला विचाराल तो सांगेल. मुलींना शेतकरी नको, नोकरीवाला हवा, शहर हवे, असे काय काय. त्यात थोडेफार तथ्य असेलही. पण मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि आमच्या लोकांना एक वाईट खोड असते : कारण ऐकण्याआधी आकडा विचारायचा. मुळात मुली आहेत किती? हा प्रश्न विचारण्याची रीत जगाला ज्यांनी घालून दिली त्यांत काही फ्रेंच मंडळी होती. म्हणून वाचकहो, थोडा वेळ माझ्याबरोबर अडीचशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये या. परत माजलगावलाच यायचे आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शिरगणती होत नसे. आपल्याकडची जुनी माणसे जिला खानेसुमारी म्हणतात तशी देशव्यापी मोजणी तिथे पहिल्यांदा झाली ती १८०१ साली. त्याआधी सरकारी माणूस डोकी मोजायला आला की लोकांना वाटे, आता नवा कर बसणार. मग खरे कोण सांगतो? त्यामुळे देशाची वस्ती वाढते आहे की घटते आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते. माँतेस्क्यूसारखा मोठा विचारवंत ती घटते आहे असे म्हणत होता, आणि त्याला खोडून काढायला कोणाजवळ साधन नव्हते.

साधन होते ते चर्चच्या कपाटात. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेपासून मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद गावच्या धर्मगुरूने वहीत करायची असा दंडक होता. पुढे १६६७ साली त्या वहीच्या दोन प्रती ठेवण्याचा हुकूम निघाला. सगळी माणसे मोजणे शक्य नसेल, पण वर्षात किती मुले जन्मली हे तर मोजता येते! मग काही ठिकाणी माणसेही मोजायची, जन्मही मोजायचे, आणि दर जन्मामागे माणसे किती पडतात ते काढायचे. त्या आकड्याने देशातल्या एकूण जन्मांना गुणले की वस्ती हाती येते. मेसाँस याने १७६६ मध्ये आणि मोओ याने १७७८ मध्ये आपले ग्रंथ प्रसिद्ध केले ते याच वाटेने जाऊन. मृत्यूचा हिशेब त्याआधीच सुरू झाला होता. देपार्स्यू याने १७४६ साली वर्षासन घेणाऱ्या लोकांच्या याद्या आणि मठांतल्या नोंदी चाळून कोणत्या वयाला किती माणसे उरतात याची कोष्टके बांधली. दुव्हियार याचे १८०६ चे कोष्टक वाचताना तर आजही पोटात कालवते. दहा लाख मुले जन्मली तर त्यांतली २,३२,४७५ पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि विसाव्या वर्षापर्यंत जेमतेम निम्मी उरत.

या सगळ्यांच्या कामावर गणिताचा कळस चढवला तो लाप्लास याने. जन्म १७४९, मृत्यू १८२७. ग्रहगोलांच्या गणितासाठी तो जगप्रसिद्ध आहे, पण माणसांच्या जन्ममरणाच्या वह्यांतही त्याचे मन तितकेच रमे. त्याच्या सूचनेवरून १८०२ साली फ्रान्सच्या तीस जिल्ह्यांतल्या निवडक गावांत मोजणी झाली. माणसे भरली २०,३७,६१५. त्या गावांत तीन वर्षांत मुलगे जन्मले १,१०,३१२ आणि मुली १,०५,२८७. म्हणजे साधारण २८ माणसांमागे वर्षाला एक जन्म, आणि बावीस मुलग्यांमागे एकवीस मुली.

हा बावीसास एकवीसचा आकडा लक्षात ठेवा. आपल्या जनगणनेच्या भाषेत सांगायचे तर दर हजार मुलग्यांमागे ९५४ मुली. मुलगे थोडे जास्त जन्मतात ही गोष्ट त्याआधी इंग्रजांनीही टिपली होती. आर्बथनॉट नावाच्या डॉक्टराने १७१० साली लंडनच्या ब्याऐंशी वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्याला दर वर्षी मुलगेच जास्त आढळले. ही देवाची योजना आहे, असे म्हणून तो थांबला. लाप्लास थांबला नाही. हा नुसता योगायोग कशावरून नसेल, असे त्याने विचारले. पॅरिसमध्ये १७४५ ते १७७० या काळात २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली यांची नोंद होती. मुलगी होण्याची शक्यता मुलग्याइतकीच किंवा जास्त असूनही असे आकडे पडले असतील, याची संभाव्यता त्याने काढली. ती इतकी लहान निघाली, की दशांशचिन्हानंतर एकेचाळीस शून्ये मांडावी तेव्हा कुठे पहिला आकडा येतो.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण वर्तमानपत्रांत या बाबतीत फार घोटाळा होतो. एखाद्या खेड्यात वर्षाला वीस बाळे जन्मली आणि त्यांत चौदा मुलगे निघाले, तर दचकण्याचे कारण नाही. दहा-पंधरा वर्षांतून एखादे वर्ष निव्वळ योगायोगानेही असे उजाडते. पण तालुक्याचे पाच हजार जन्म घ्या. बावीसास एकवीस या प्रमाणाने त्यांत २,५५८ मुलगे असायला हवेत. योगायोगाचा हेलकावा इथे पस्तीसच्या आसपास असतो. फार तर शंभर धरा. त्याहून मोठा फरक दिसला तर कोणाचा तरी हात लागला आहे असे समजावे. संख्या जितकी मोठी, तितकी योगायोगाला लपायला जागा कमी.

आता लाप्लासची खरी गंमत. गंमत म्हणवत नाही, पण शब्द दुसरा सुचत नाही. त्याने पॅरिसच्या नोंदी १७८४ पर्यंत पाहिल्या : ३,९३,३८६ मुलगे, ३,७७,५५५ मुली. म्हणजे पंचवीसास चोवीस. हजारी हिशेबाने ९६०. इतर फ्रान्समध्ये ९५४, नेपल्समध्ये तेच, लंडनमध्ये तर एकोणीसास अठरा. मग पॅरिसमध्येच मुली थोड्या जास्त का? हजारात पाच-सहांचा फरक! तुम्ही-आम्ही 'चालायचेच' म्हणून वही मिटली असती. लाप्लासने गणित केले, आणि हा फरक घडवणारे काही विशेष कारण पॅरिसमध्ये आहे याच्या बाजूने पैज एकास दोनशे अडतीस अशी आली. तेव्हा तो कारण शोधायला निघाला.

कारण सापडले ते टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रमात. पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी एक मोठा आश्रम होता. तिथे आलेल्या बाळांची नोंद शहराच्या बाप्तिस्म्यांत होई. पण सगळीच बाळे शहरातली नसत. आसपासच्या खेड्यांतले आईबाप आपली मुले तिथे आणून सोडत. त्यात मुलगा असला तर उद्या शेताला उपयोगी पडेल म्हणून घरी ठेवण्याकडे कल, आणि मुलगी असली तर शहराची वाट. त्याने आश्रमाच्या वह्या काढल्या. १७४५ पासून १८०९ अखेर आत आलेले मुलगे १,६३,४९९ आणि मुली १,५९,४०५. म्हणजे हजारी ९७५. नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त मुली. ही मुले हिशेबातून वजा केली तेव्हा पॅरिसचे प्रमाणही मुकाट्याने बावीसास एकवीसवर आले. त्या आश्रमात शिरलेल्या बाळांपैकी फार थोडी मोठी होत, हेही इथे सांगून ठेवतो. एकाही खेडुताने 'मी मुलगी टाकली' असे कोणाला सांगितले नव्हते. ते वह्यांच्या बेरजेतून बाहेर आले.

आता परत बीड जिल्ह्यात.

आपल्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा आकडा वेगळा काढतात. या वयात दर हजार मुलग्यांमागे मुली बीड जिल्ह्यात १९९१ साली ९३९ होत्या. २००१ साली ८९४. आणि २०११ साली ८०७. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत हा नीचांक होता. त्याच मोजणीत गडचिरोलीचा आकडा ९६१ होता, जवळजवळ लाप्लासच्या पॅरिसइतकाच. गडचिरोली श्रीमंत जिल्हा आहे म्हणून असे झाले, असे तर कोणी म्हणणार नाही.

लाप्लासने पाच-सहांच्या फरकासाठी वह्या उपसल्या. इथे फरक १४७ चा आहे. शिवाय तान्हेपणी मुलगे मुलींपेक्षा निसर्गतःच नाजूक असतात, ते थोडे अधिक दगावतात. म्हणजे सहा वर्षांपर्यंतचा आकडा ९५४ च्या वरच असायला हवा होता. वर घेतलेल्या पाच हजार मुलांच्या हिशेबात ८०७ चे प्रमाण बसवले तर मुलगे २,७६७ होतात, अपेक्षेहून दोनशे नऊ जास्त. पस्तीसचा हेलकावा कुठे आणि दोनशे नऊ कुठे! आणि जिल्हा काही पाच हजार मुलांचा नव्हे. २०११ ला त्याची वस्ती पंचवीस लाखांवर होती.

कोणी हुशार वाचक म्हणेल, थांबा, पॅरिसप्रमाणे इथेही मोजण्याच्या जागेचा घोळ नसेल कशावरून? प्रश्न चोख आहे. जनगणना झाली फेब्रुवारीत, ऐन गळीत हंगामात. दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन निघालेले आपले कोयते तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर होते, त्यांच्याबरोबर त्यांची लेकरेही. जो कुटुंबासह संपूर्ण मोजणीच्या काळात घराबाहेर, त्याची गणती तो सापडेल तिथे. तेव्हा आकड्यात थोडी गडबड शक्य आहे. पण २००१ ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती आणि तेव्हाही कोयते फडावरच होते. दोन्ही वेळा घोळ तोच असेल, तर ८९४ चे ८०७ कशाने झाले? घोळाने ही घसरण समजत नाही.

ती समजते एका यंत्राने. फ्रान्समधल्या खेडुताला मुलगी जन्मेपर्यंत थांबावे लागे. सोनोग्राफीने ती वाट पाहणे संपवले. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा आला १९९४ साली, आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. म्हणजे आकडा सर्वांत वेगाने घसरला तो कायदा असताना. २०१२ साली परळीत बेकायदा गर्भपात करताना एका स्त्रीचा जीव गेला, तेव्हा कुठे राज्यभर बोभाटा झाला. २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीड होते. असा मान कोणाला हवा असतो?

या सगळ्याचा ठपका ऊसतोड्यांच्या अडाणीपणावर ठेवण्याची आपल्याकडे सोय झाली आहे. मला ते पटत नाही. तपासणीला पैसा लागतो, ओळख लागते, तोंड बंद ठेवणारा डॉक्टर लागतो. २००१ च्या मोजणीत राज्यात सर्वांत खाली कोण होते? ८३९ वर कोल्हापूर. म्हणजे ऊस तोडणारा नव्हे, ऊस पिकवणारा जिल्हा.

२०११ ला सहाच्या आत असलेली ती मुले आता माझ्या वर्गात बसतात. हजेरीपट काढून मुलामुलींचे प्रमाण मांडण्याचा मोह मला दर जूनमध्ये होतो, पण ते गणित खोटे ठरेल. कोणाची मुलगी कॉलेजात पाठवली, कोणाची बारावी आधीच लग्न लावून दिली, कोणाचा मुलगा पुण्याला गेला, या सगळ्याची भेसळ त्या पटात असते. आणि २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही, त्यामुळे ८०७ च्या जोडीला ठेवायला तितका भक्कम आकडा त्या साली हाती आला नाही.

तुम्हाला स्वतः हिशेब करून पाहायचा असेल तर ग्रामपंचायतीकडे जन्माची नोंद असते. एका वर्षाची बेरीज घेऊ नका, दहा-पंधरा वर्षांची घ्या, आणि शेजारच्या दहा गावांची त्यात मिळवा. मात्र एक लक्षात असू द्या. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झाले तिथल्या वहीत होते. बाई तालुक्याच्या दवाखान्यात गेली तर बाळ तालुक्याच्या वहीत. फडावरच्या कोपीत बाळंत झाली आणि कोणी नोंद केलीच, तर ते तिकडच्या गावच्या वहीत. पॅरिसच्या आश्रमासारखेच हे. वही एका गावची, बाळ दुसऱ्या गावचे.

बसस्थानकावरच्या त्या गृहस्थांना मी यातले काही सांगितले नाही. त्यांची गाडी लागली होती. मुलाचे नाव, शिक्षण आणि फोनचा नंबर एका कागदावर लिहून घेतला, तो अजून माझ्या पाकिटात आहे.