सापन-बिच्छनच्या काठचे अचलपूर

अमरावतीहून वायव्येस सुमारे पन्नास किलोमीटर गेल्यावर मैदानाच्या टोकाशी सातपुड्याच्या गाविलगड रांगेची निळसर रेषा दिसू लागते. या डोंगरातून उतरणाऱ्या सापन व बिच्छन या नद्यांच्या सान्निध्यात अचलपूर वसलेले आहे. सन २०११ च्या जनगणनेनुसार १ लाख १२ हजार लोकवस्तीच्या या नगरास आज तालुक्याच्या ठिकाणाचा दर्जा आहे. एकेकाळी मात्र संपूर्ण वऱ्हाडचा कारभार येथून चालत असे. या नगराचा इतिहास आपल्या हाती कसा आला आणि पुढील पिढीच्या हाती तो कसा जाईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नांगराला लागलेला इतिहास

अचलपूरच्या नैर्ऋत्येस सहा-सात किलोमीटरवर चमक नावाचे गाव आहे. सन १८६८ च्या सुमारास तेथील एका शेतात नांगर चालू असताना ताम्रपट सापडले. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या राजवटीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, ते कोरले गेले होते. भोजकट राज्यातील मधुनदीच्या तीरावरील 'चर्मांक' हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यांत आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चमक. दीड हजार वर्षांत गावाच्या नावात झालेला फरक किती अल्प आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या दानपत्रातील अटी अधिक उद्बोधक आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी किंवा व्यभिचार करू नये, युद्ध करू नये आणि इतर गावांना उपद्रव देऊ नये. अन्यथा राजाने दान परत घेतल्यास तो दोषी ठरणार नाही, असे त्यात बजावले आहे. अधिकाराबरोबर जबाबदारी येते, हे तत्त्व आपल्या भूमीत किती जुने आहे याचा हा लेखी पुरावा होय.

नावाची कथा

ईल नावाच्या राजाने हे नगर वसविले आणि त्यावरून त्यास एलिचपूर म्हणू लागले, अशी लोककथा प्रसिद्ध आहे. कोरीव लेख मात्र वेगळे सांगतात. राष्ट्रकूट नन्नराजाचा तिवरखेड येथील ताम्रपट शके ५५३ ही मिती देतो आणि तो 'अचलपूर' येथून दिल्याचे नमूद करतो. बाराव्या शतकातील गुजरातचे व्याकरणकार हेमचंद्र यांनी तर आपल्या प्राकृत व्याकरणात या एका नगरासाठी स्वतंत्र नियम दिला आहे. अचलपूर या शब्दातील 'च' व 'ल' ही अक्षरे बोलताना जागा बदलतात, असा तो नियम. अचलपूरचे अलचपूर झाले ते असे. महानुभाव वाङ्मयात त्याचे आळजपूर हे रूप येते आणि पुढील दप्तरांत एलिचपूर. आजचे अचलपूर हे नाव नवे नसून मूळ नावच परत आलेले आहे.

राजधानी ते तालुका

उत्तरेस मेळघाटचे अरण्य, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याची काळी कसदार जमीन आणि दोहोंच्या सीमेवर बारमाही वस्तीस पुरेल असे पाणी, हे या स्थानाचे बळ होते. जवळच गाविलगडचा दुर्ग होता. सन १४९० मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्काने बहामनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन इमादशाही स्थापन केली, तेव्हा एलिचपूर तिची राजधानी झाले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकले आणि १५९६ मध्ये ते मोगलांकडे गेले. पुढे हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली येथे नवाबांचे घराणे नांदले.

डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली गाविलगडावर चालून गेला, तेव्हा अडगावच्या लढाईतील जखमींसाठी त्याने येथेच रुग्णालय उघडले होते. १५ डिसेंबर रोजी गड पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. पुढे लष्करी छावणीच्या आधाराने परतवाडा वाढले. आज दोन्ही वस्त्या एकाच नगरपालिकेत आहेत.

राजधानीचे वैभव ओसरले ते मुख्यतः लोहमार्गामुळे. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग बडनेऱ्यावरून गेला. कापसाच्या व्यापाराचा ओघ अमरावतीकडे वळला. १९०५ मध्ये एलिचपूरचा स्वतंत्र जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. पुढे मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी आली. 'शकुंतला' म्हणून लोकप्रिय झालेली ही गाडीही आता बंद पडली आहे.

आज काय करता येईल?

बिच्छनच्या काठचा दुल्हा रहमानशहाचा दर्गा, नगराबाहेर तलावात उभा असलेला अष्टकोनी हौजकटोरा, सुलतानगढी, महानुभावांचे अष्टमहासिद्धी स्थान आणि जुने दरवाजे हे सारे अद्याप येथे आहे. परंतु वास्तू उघड दिसतात म्हणून त्यांच्याकडे लक्ष तरी जाते. जमिनीखाली दडलेल्या वस्तूंचे तसे नाही. चमकचे पट भंगारात वितळले असते, तर या परिसराच्या पाचव्या शतकाविषयी आपण जवळजवळ मुके राहिलो असतो.

विहीर, पाया किंवा शेततळे खोदताना नाणी, मूर्ती, कोरीव दगड वा धातूचे पत्रे सापडल्यास ते घासून स्वच्छ करू नयेत आणि वाटून घेऊ नयेत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, ठिकाण व दिनांक यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. वस्तू सापडली की शेत जाईल, या भीतीने लोक गप्प बसतात. वास्तविक शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हिस्सा कोणता, याचीही तरतूद या कायद्यात आहे. शिक्षा आहे ती माहिती दडविण्याला. ग्रामसभेत सरपंचांनी हे एकदा समजावून सांगितले, तरी पुष्कळ साधेल.

शिक्षकांचा वाटा याहून मोठा आहे. चमकच्या शाळेतील मुलास आपल्या गावाचे नाव पाचव्या शतकातील ताम्रपटावर आहे, हे ठाऊक असावयास हवे. शाळेची एक सहल बिच्छनच्या काठाने काढावी आणि वाटेत दिसणाऱ्या वास्तूंची व नदीच्या स्थितीची नोंद मुलांकडूनच करून घ्यावी. ज्या नदीमुळे नगर वसले ती नदी कचऱ्याने भरू देऊन दरवाजांची डागडुजी केली, तर ते रक्षण अपुरेच ठरेल.

जिल्ह्याचे मुख्यालय गेले, राजधानी गेली, गाडीही गेली. ते परत आणणे स्थानिक संस्थांच्या हाती नाही. पुढच्या वेळी नांगराला काही अडकले, तर ते कोठे पोहोचेल, हे मात्र पूर्णपणे गावाच्याच हाती आहे.