घोडा लंगडतोय? आधी त्याला फिरवणे थांबवा

फाल्गुनात तेल्हारा-अकोट पट्ट्यात हरभरा आणि गहू घरात येतात आणि गावोगाव वराती निघू लागतात. नवरदेवाच्या घोडीला या दिवसांत काम जास्त आणि खुराकही जास्त. रात्री डांबरी रस्त्यावर बँडच्या तालावर नाचायचे, सकाळी घमेलेभर भिजवलेला हरभरा खायचा. अशात एखाद्या सकाळी घोडी जागची हलत नाही. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून ती मागच्या पायांवर अंग रेलते. वळवायला गेले की पायात काटे टोचल्यासारखी पावले टाकते. घरचे म्हणतात, थकली असेल. पण हे लक्षण लॅमिनायटिसचे, म्हणजे खुराच्या आतल्या सुजेचे असू शकते. अशा वेळी पहिल्या दिवसाचे उपचार फार मोलाचे असतात आणि नेमके त्याच दिवशी आपल्याकडे उलटे उपाय होतात.

गैरसमज: पाय आखडला आहे, फिरवला की मोकळा होईल.

वस्तुस्थिती: खुराच्या आत एक हाड असते. शेकडो बारीक पापुद्र्यांनी ते खुराच्या भिंतीला आतून धरून ठेवलेले असते आणि घोड्याचे सगळे वजन या पकडीवर तोललेले असते. पापुद्रे सुजले की ही पकड सैल होते. अशा घोड्याला चालवले, तर प्रत्येक पावलाला पकड आणखी सुटते आणि हाडाचे टोक खाली तळव्याकडे फिरते. म्हणून घोडा आहे तिथेच थांबवावा. पायाखाली वाळू, भुसा किंवा गवताचा चांगला जाड थर द्यावा. तो बसला किंवा आडवा झाला तर मारून उठवू नये. बसल्याने खुरांवरचा भार हलका होतो.

गैरसमज: दुखणे खुरात आहे, म्हणजे कारणही खुरातच असणार.

वस्तुस्थिती: बऱ्याचदा कारण पोटात असते. घोड्याने दावे तोडून गव्हाच्या किंवा ज्वारीच्या राशीत तोंड घातले, तर एवढे पीठूळ धान्य लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, तिथे आम्ल वाढते आणि विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. खुराचे दुखणे बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसते. त्यामुळे घोडा चालतो आहे म्हणून निर्धास्त राहू नका. राशीत तोंड घातल्याचे कळताच डॉक्टरांना बोलवा.

इतरही कारणे आहेत. व्यायल्यावर तीन तासांत वार पडली नाही, तर घोडीला हा धोका असतो. अति लठ्ठपणा आणि कडक रस्त्यावरची सततची धावपळ हीसुद्धा कारणे आहेत. एक पाय मोडला की दुसऱ्यावर सगळा भार येतो आणि तो बिघडतो. अमेरिकेतला बार्बारो हा नामांकित शर्यतीचा घोडा 2006 मध्ये मागचा उजवा पाय मोडून जायबंदी झाला. पायावर शस्त्रक्रिया झाली, पण पुढे दुसऱ्या खुरांना लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावे लागले.

अर्थात प्रत्येक लंगडणे लॅमिनायटिसचे नसते. एकच पाय एकाएकी उचलून धरला असेल, तर खिळा रुतला असेल किंवा खुरात पू झाला असेल. लॅमिनायटिसमध्ये बहुधा पुढचे दोन्ही पाय दुखतात, खूर गरम लागतो आणि खुराच्या वरच्या ठळक सांध्यामागे बोट ठेवले की नाडी जोरात उडताना जाणवते. घोडा निरोगी असताना ही नाडी कशी लागते ते पाहून ठेवा, म्हणजे फरक लगेच कळेल.

गैरसमज: गरम शेक, डाग किंवा रक्त काढणे हा रामबाण उपाय आहे.

वस्तुस्थिती: सुरुवातीच्या काळात उपयोगी पडतो तो बर्फ. धान्य खाल्ल्याचे कळले आणि लंगडणे अजून सुरू झाले नाही, त्या वेळी तर सर्वांत जास्त. बर्फाची लादी फोडावी, धुतलेल्या जाड प्लास्टिक पिशवीत बर्फ-पाणी भरून पाय गुडघ्याच्या खालपर्यंत बुडेल असे बांधावे. अर्धा तास लावून सोडून देण्यात अर्थ नाही. डॉक्टर सांगतील तसे दोन-तीन दिवस सलग, बर्फ संपू न देता हे करावे लागते. डाग दिल्याने फक्त नवी जखम होते.

गैरसमज: खाण्याने झाले ना? मग उपाशी ठेवा.

वस्तुस्थिती: हरभरा, भरडा, ढेप, गूळ लगेच बंद करा; वाळलेले गवत किंवा कडबा आणि पाणी मात्र द्या. लठ्ठ तट्टू आणि गाढव पूर्ण उपाशी राहिले, तर रक्तात चरबी वाढून जिवावर बेतते.

गैरसमज: दुखणे थांबवायचे इंजेक्शन दिले की आजची वरात निघते.

वस्तुस्थिती: औषधाने वेदना दबते, सुटलेली पकड परत बसत नाही. वेदना कमी झाली म्हणून घोडी नाचते आणि खुरातले हाड आणखी फिरते. इसार परत करावा लागला तरी चालेल, घोडी बाहेर काढू नका. औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी; उरलेले इंजेक्शन आपल्या मनाने टोचू नये. माणसांचे डायक्लोफिनॅक तर मुळीच नको. गिधाडांचा जीव घेणारे हे औषध जनावरांसाठी वापरायला भारतात 2006 पासून बंदी आहे.

गैरसमज: नालबंदाने खूर कापला की घोडा बरा.

वस्तुस्थिती: तळवा आधीच नाजूक झालेला असतो, तो घाईने कोरला तर आतले हाड उघडे पडू शकते. नाल काढायची का, खूर किती आणि कुठून घ्यायचा, हे क्ष-किरणात हाडाची जागा पाहून डॉक्टर आणि नालबंदाने मिळून ठरवावे.

गैरसमज: चार दिवसांत चालू लागला म्हणजे बरा झाला.

वस्तुस्थिती: खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. पुढची भिंत वरपासून खालपर्यंत नवी यायला जवळपास वर्ष लागते. तोवर हलके काम, नियमित नालबंदी आणि आहारावर लक्ष हवे. धीर धरला तर बरेच घोडे पुन्हा कामाला लागतात.

संशय येताच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. पुढच्या तपासणीसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ आहे. मात्र घोडा तिथे न्यायचा तो डॉक्टरांना विचारून आणि गाडीतूनच.

आणि हंगाम सुरू होण्याआधीच एवढे करा: धान्याची खोली कुलपात ठेवा, खुराक एकदम न वाढवता आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवा, आणि 300 किलोच्या घोडीला रोज किमान 5 ते 6 किलो कोरडा चारा मिळतो की नाही ते पाहा. घोडीची ताकद घमेलेभर हरभऱ्यावर नाही, या चाऱ्यावर टिकते.