निखळलेली पट्टी

खासगी बाजारातील माझ्या दवाखान्यात एका सायंकाळी संगणकाने मला घाम फोडला. समोर एक वृद्ध रुग्णा बसल्या होत्या. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, हे त्यांना आठवेना. ती नोंद संगणकात होती. पण पडद्याच्या तळाचा टास्कबारच नाहीसा! सारे काही पुसले गेले, असे मी समजलो. सोबतची नात म्हणाली, "डॉक्टरकाका, उजवीकडे बघा." पट्टी तेथे उभी होती, माउसने नकळत ओढली गेली होती. नोंद उघडली: पेनिसिलिन. लिहिलेले अमॉक्सिसिलिन मी मुकाट्याने खोडले.

उपचार निखळलेल्या खांद्याचाच: मोकळे करा, जागी बसवा, बांधा. विंडोज १० पर्यंतच्या संगणकांत पट्टीच्या रिकाम्या जागी उजवे क्लिक करून 'लॉक द टास्कबार'ची खूण असल्यास काढावी, डावी कळ दाबून धरून पट्टी तळाशी ओढावी व पुन्हा खूण करावी. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये ही ओढण्याची सोयच वगळली होती.

पट्टी आता कुलूपबंद आहे. तरी अशी नोंद मी रुग्णाच्या कागदावरही लाल शाईने करतो.