ड्रॉइंग आपलं, फॉरमॅट दुसऱ्याचा: बंद कॅड फाइल वाचायची कशी?

मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये कोल्हापूरहून मामांचा फोन आला. शिरोली एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंडी प्लेटा कापून ते साखर कारखान्यांना फ्लँज, ब्रॅकेट, चाळणीच्या प्लेटा असे सुटे भाग पुरवतात. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी कारखान्यांची दुरुस्ती चालते, तेव्हा मामांकडे सगळ्यात जास्त काम असतं. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला.

ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वीसेक वर्षांपूर्वी घेतलेलं. प्रिंटर पोर्टला हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय ते चालायचं नाही. तसा पोर्ट असलेला दुसरा कॉम्प्युटर शोधून आणला, तर लॉकच मेलेलं निघालं. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. हार्ड डिस्क मात्र ठणठणीत होती. ४१२ ड्रॉइंगच्या ४१२ फाइली जागच्या जागी, आणि एकही उघडत नव्हती.

मामा म्हणाले, "अगं, तू कॉम्प्युटरची इंजिनीअर ना? मग एक फाइल उघडंना व्हय तुझ्यानं?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. रोजचं काम वेबसाइटचं, कॅडचं नाही. पण मामांच्या या प्रश्नामुळे मला एक गोष्ट नीट शिकावी लागली: ज्या फॉरमॅटची माहिती कुणी दिलेली नाही, ती आपण स्वतः कशी लिहून काढायची. तीच आज समजून घेऊया.

फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?

युनिकोडच्या आधीच्या काळातली एखादी मराठी फाइल आठवा. लग्नपत्रिका असेल किंवा एखादं पुस्तक. ती ज्या फॉन्टमध्ये टाइप केली तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला, की समोर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. मजकूर कुठेही गेलेला नसतो. कुठला आकडा म्हणजे 'क' आणि कुठला म्हणजे काना, हा तक्ता तेवढा हरवलेला असतो.

कॅड फाइलचंही तसंच. फाइल म्हणजे बाइटची लांबलचक रांग. प्रत्येक बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक आकडा. कुठल्या बाइटपासून रेषा सुरू होते, कुठला आकडा वर्तुळाची त्रिज्या, कुठला लेयरचा नंबर, हे सांगणारा तक्ता म्हणजे फॉरमॅट. तो तक्ता सगळ्यांसाठी छापलेला असला तर फॉरमॅट खुला. तो फक्त कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये असला तर फॉरमॅट बंद. अशा वेळी ड्रॉइंग आपण काढलेलं असतं, आपल्या डिस्कवर असतं, पण वाचायचा तक्ता दुसऱ्याच्या खिशात असतो.

ओळखीचा आकडा शोधायचा

मूळ प्रोग्रॅम चालू असेल तर रीत सोपी आहे. एकच रेषा काढा, फाइल सेव्ह करा. रेषेचं एक टोक हलवा, दुसऱ्या नावाने सेव्ह करा. मग दोन्ही फाइली हेक्स एडिटरमध्ये शेजारी ठेवा. जे बाइट बदलले, त्यांत त्या टोकाचा आकडा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला मुख्य नियम.

मामांचा प्रोग्रॅमच चालत नव्हता, त्यामुळे मला ही सोय नव्हती. पण त्यांच्याकडे पिवळ्या पडलेल्या चार ड्रॉइंगच्या प्रिंट होत्या, मापांसकट. म्हणजे उत्तरं माहीत होती, ती फाइलमध्ये कुठे लपलीत तेवढं शोधायचं होतं.

कॅड प्रोग्रॅम मापं बहुतेक वेळा 'डबल' या प्रकारात ठेवतात: आठ बाइटचा दशांश आकडा, आणि आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर उलट्या क्रमाने. १०० हा आकडा तिथे असा दिसतो:

०० ०० ०० ०० ०० ०० ५९ ४०

प्रिंटवर एका पट्टीची लांबी १०० मिमी होती. वरची आठ बाइटची साखळी फाइलमध्ये शोधली आणि सापडली! त्याच्या आगेमागे बाकीचे कोऑर्डिनेटही मिळाले. रेषेची नोंद कळली: आधी प्रकार सांगणारा एक बाइट, मग लेयर, मग दोन टोकांचे चार आकडे.

वर्तुळाला मात्र मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. प्रिंटवर भोकाचं माप ६४ होतं, म्हणून ६४ शोधत बसले. कुठेच नाही. मग डोक्यात उजेड पडला की वर्कशॉपमध्ये माप व्यासाचं लिहितात आणि प्रोग्रॅम त्रिज्या साठवतो. ३२ शोधल्यावर लगेच सापडलं. फॉरमॅट वाचायला नुसते बाइट कळून भागत नाही, ते ड्रॉइंग वापरणाऱ्याची रीतही माहीत लागते.

लिहून ठेवणं हेच खरं काम

पहिल्या दिवशी मी सरळ कोड लिहायला घेतला होता. तिसऱ्या दिवशी माझंच मला आठवेना की अमुक चार बाइट मी का सोडले. मग कोड बाजूला ठेवून तक्ता केला. प्रत्येक ओळीत पाच रकाने: कितव्या बाइटपासून, किती बाइट, कुठला प्रकार, अर्थ काय, आणि हे कशावरून म्हणते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'चारही प्रिंटशी जुळलं' आणि 'अंदाज' यांत फार फरक असतो.

तो फरक पुढे कळलाच. फाइली बदलून मी मामांना पाठवल्या. त्यांनी थेट प्लेट कापायला घेतली नाही. आधी पुठ्ठ्यावर आकृती कापून जुन्या नमुन्यावर ठेवली. लांबोळक्या भोकाच्या एका टोकाची गोलाई बाहेरऐवजी आत वळली होती! मी गृहीत धरलं होतं की कंस नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने काढलेला असतो. या प्रोग्रॅममध्ये दिशेसाठी वेगळा बाइट होता, आणि तक्त्यात त्याच्यासमोर मी 'अंदाज' लिहिलं होतं. म्हणून चूक शोधायला दहा मिनिटं लागली. नाहीतर सगळा कोड उलथापालथा करावा लागला असता, आणि मामांची प्लेट वाया गेली असती ती वेगळीच.

४१२ पैकी ३९७ फाइली वाचता आल्या. उरलेल्या पंधरांत अशा नोंदी आहेत ज्या एकाही प्रिंटवर नव्हत्या. त्यांच्यापुढे तक्त्यात 'अज्ञात' असंच लिहिलंय. कारखान्याची ऑर्डर दसऱ्याच्या आत गेली.

जगातली मोठी गोष्ट: डीडब्ल्यूजी

माझा फॉरमॅट सरळ होता. आता सगळ्यांच्या ओळखीच्या डीडब्ल्यूजीकडे वळूया. ऑटोडेस्क कंपनीचं ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आलं. डीडब्ल्यूजी हा त्याचा स्वतःचा फॉरमॅट, आणि त्याचा तक्ता कंपनीने जाहीर केलेला नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमशी देवाणघेवाण करायला डीएक्सएफ हा वेगळा फॉरमॅट दिला, त्याची माहिती मात्र कंपनी छापते.

कुठलीही डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सुरुवातीची सहा अक्षरं वाचता येतात. ऑटोकॅड २००० च्या फाइलमध्ये एसी१०१५, २००७ मध्ये एसी१०२१, २०१३ मध्ये एसी१०२७, २०१८ मध्ये एसी१०३२. हा आवृत्तीचा शिक्का. त्यापुढे सगळी गिचमिड.

ती गिचमिड का? कारण इथे आकडे बाइटच्या हद्दीवर सुरू होतातच असं नाही. जागा वाचवायला दोन बिटची खूण वापरतात. खूण १० असेल तर आकडा शून्य, ०१ असेल तर एक, ०० असेल तर पुढे पूर्ण आठ बाइट वाचा. म्हणजे ०.० हा आकडा ६४ बिटऐवजी दोनच बिटमध्ये बसतो, आणि त्यानंतरचं सगळं दोन बिटने सरकतं. मी केलं तसं आठ बाइटची साखळी शोधणं इथे बऱ्याचदा वायाच जातं.

पुढच्या आवृत्त्यांत आणखी थर चढले. २००४ च्या फॉरमॅटमध्ये डेटा दाबून भरलेला असतो, आणि हेडरचे १०८ बाइट आकड्यांच्या एका ठरावीक माळेत मिसळून झाकलेले असतात. ती माळ कशी बनते? १ पासून सुरू करा, २१४०१३ ने गुणा, २५३१०११ मिळवा, त्यातून वरचे बिट घ्या, पुन्हा तेच. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरमध्ये रँडम आकडे याच सूत्राने निघतात. कुणाला तरी हे आकडे ओळखीचे वाटले असतील, आणि कुलूप उघडलं. २००७ च्या फॉरमॅटमध्ये रीड-सॉलोमन कोडिंग आलं. सीडीवर थोडे ओरखडे पडले तरी गाणं वाजतं, त्यामागेही हेच गणित असतं.

हे सगळं लिहून काढलं कुणी? १९९८ मध्ये काही कॅड कंपन्यांनी मिळून ओपनडीडब्ल्यूजी अलायन्स काढली, तीच आजची ओपन डिझाइन अलायन्स. डीडब्ल्यूजीच्या रचनेचं डॉक्युमेंट ही संस्था प्रसिद्ध करते, त्यात वरचं सगळं सापडतं. ग्नूचा लिबरडीडब्ल्यूजी हा मुक्त प्रकल्पही आहे, त्याचा कोड कुणीही वाचू शकतं.

भांडणंही झाली. ऑटोकॅड २००७ पासून 'ट्रस्टेड डीडब्ल्यूजी' नावाची खूण फाइलमध्ये येऊ लागली. ती नसली की वापरणाऱ्याला इशारा दिसायचा. अलायन्सच्या लायब्ररीने तशीच खूण घातली, तेव्हा २००६ मध्ये ऑटोडेस्कने ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर दावा लावला. २००७ मध्ये तो मिटला. अलायन्सने खूण काढली, ऑटोडेस्कने इशाऱ्याची भाषा मवाळ केली. लक्षात घ्या, वाद खुणेचा होता, फॉरमॅट वाचण्याचा नव्हता. पुढे २०२० मध्ये ऑटोडेस्क स्वतःच अलायन्सची सदस्य झाली, बांधकाम क्षेत्रातल्या आयएफसी या खुल्या फॉरमॅटच्या कामासाठी.

हे कायद्यात बसतं का?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एबी) मध्ये यासाठी जागा आहे. प्रोग्रॅम ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, तो आपला स्वतंत्र प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढू शकतो. अट अशी, की ती माहिती एरवी सहज मिळणारी नसावी. मात्र लायसन्सच्या अटी, आणि लॉक फोडणं, हे वेगळे प्रश्न आहेत. मी लॉकला हात लावला नाही, मामांच्याच फाइली वाचल्या. धंद्यासाठी असं काही करणार असाल तर आधी वकिलाला विचारा.

तुम्ही आजच काय करू शकता?

- प्रत्येक महत्त्वाच्या ड्रॉइंगची एक प्रत डीएक्सएफमध्ये आणि एक पीडीएफमध्ये ठेवा. डीएक्सएफ साध्या मजकुराच्या रूपात सेव्ह होतो. नोटपॅडमध्ये उघडलात तर ८ या आकड्याखाली लेयरचं नाव आणि ४० खाली वर्तुळाची त्रिज्या डोळ्यांना दिसते. काही नव्या प्रकारचे ऑब्जेक्ट त्यात पूर्ण उतरत नाहीत, म्हणून पीडीएफशी ताडून बघा.
- थ्रीडी मॉडेल असेल तर स्टेप फाइल काढा. तो आयएसओ १०३०३ हा आंतरराष्ट्रीय मानक फॉरमॅट आहे.
- सॉफ्टवेअर विकत घेताना डीलरला विचारा: "लायसन्स संपलं तर माझी ड्रॉइंग बाहेर कशी काढायची?" उत्तर देताना तो अडखळला तर सावध व्हा.
- निदान काही ड्रॉइंगच्या मापांसकट प्रिंट जपून ठेवा. माझं सगळं काम त्या चार कागदांवर उभं राहिलं.

मामांच्या नव्या कॉम्प्युटरवर आता 'डीएक्सएफ' नावाचा फोल्डर आहे. माझ्या सहा पानी तक्त्याची प्रिंट त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलीय, लेथच्या मॅन्युअलशेजारी. मी म्हटलं, "मामा, फाइली बदलून झाल्या, आता त्याचं काय काम?"

"असू दे की," ते म्हणाले. "ते पंधरा राहिल्यात न्हवं अजून."