कॅन्सरच्या रुग्णाला फिजिओथेरपी कधी?

म्हैसूर जिल्ह्यातला एच. डी. कोटे म्हणजे कबिनी धरणाचा, नागरहोळे जंगलाला लागून असलेला आणि तंबाखू पिकवणारा तालुका. म्हैसूर इथून सुमारे 50 किलोमीटर. बेंगळुरूचं किदवाई कॅन्सर रुग्णालय त्याहून कितीतरी लांब. रेडिएशन बहुधा आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. तेवढ्यातच मजुरी बुडालेली असते. त्यावर फिजिओथेरपीसाठी वेगळे खेटे कोण घालणार? म्हणून व्यायाम रुग्णालयातच शिकून घरी आणावा लागतो. मेळघाट-गडचिरोलीच्या रुग्णाचीही अडचण हीच.

तोंड उघडत नाही

तोंडाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालं की जबड्याचे स्नायू आखडतात. समोरच्या दातांमध्ये आपलीच तीन बोटं उभी मावतात का, ही घरगुती तपासणी. तोंड 35 मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागलं तर फिजिओथेरपिस्ट गाठावा. उपाय साधा आहे: आइसक्रीमच्या सपाट काड्यांची चवड दातांत धरायची, काही वेळ ताण द्यायचा, सैल सोडायचं, सवय झाली की एक काडी वाढवायची. दिवसातून अनेकदा. हे चुकवलं तर नाचणीच्या मुद्देचा (शिजवलेल्या पिठाच्या गोळ्याचा) घाससुद्धा तोंडात जात नाही, आणि डॉक्टरांना आत नीट तपासताही येत नाही. रेडिएशन संपल्यावरही आखडणं महिनोन्‌महिने चालू राहतं, तेव्हा काड्या लगेच टाकून देऊ नयेत.

मानेच्या गाठी काढताना खांद्याच्या नसेला धक्का बसला तर हात वर जात नाही. त्याचे व्यायामही सोबतच शिकावेत.

हात सुजतो

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की हातात पाणी साचू शकतं. बोटं, मनगट, कोपर यांची हालचाल शस्त्रक्रियेनंतर लवकरच सुरू होते, खांद्याची हळूहळू. सूज आलीच तर दाबपट्टी, हलका मसाज आणि त्वचेची निगा. ‘या हाताने काही उचलू नकोस’ असं बाईला जन्मभर बजावलं जातं, ते बरोबर नाही. 2009 साली अमेरिकेत 141 स्त्रियांवरच्या अभ्यासात देखरेखीखाली, थोडं थोडं वाढवत वजन उचलल्याने सूज वाढली नाही. शेतात राबणाऱ्या बाईला हे कळायलाच हवं. मात्र काटा रुतून हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी डॉक्टर.

थकवा

केमोच्या थकव्यावर नुसतं पडून राहणं हा उपाय नाही; रोज झेपेल तेवढं चालल्याने तो कमी होतो. व्यायामाचा फायदा थकव्यापुरताच नाही: 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आतड्याच्या कॅन्सरवर केमो झालेल्या 889 रुग्णांपैकी तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी 90.3 टक्के आठ वर्षांनी जिवंत होते, इतरांपैकी 83.2.

कधी थांबायचं

ताप, छातीत दुखणं, प्लेटलेट फार कमी होणं, हाडांत पसरलेला आजार: अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नको. केमोने तळपाय बधिर झाले असतील तर शेतात अनवाणी जाऊ नये.

कोणाला विचारायचं

पूर्वी याच तालुक्यात असलेल्या सरगूरला स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंटचं रुग्णालय आहे. 1984 साली स्थापन झालेली ही संस्था इथल्या आदिवासी हाड्यांत (वस्त्यांत) काम करते. अशी जवळची जागा असेल तर मोठ्या रुग्णालयातून व्यायामाचा कागद तिथे घेऊन जा. आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशी विचारा: फिजिओथेरपिस्ट कधी भेटतील?