तबकडी विझली, रेडियम नव्हे

गाड्यांवर चिकटवलेल्या चकाकत्या पट्टीला आपण 'रेडियम' म्हणतो. तिच्यात रेडियम मुळीच नसते. काही जुन्या मोटारींच्या वेगमापकाच्या तबकडीवरील रंगात मात्र ते खरोखरच असे. रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांच्या माऱ्याने रंगातील झिंक सल्फाइड उजळते. काही वर्षांत त्याचे स्फटिक निकामी होतात व तबकडी विझते. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे! ८० वर्षांत ते जेमतेम साडेतीन टक्के घटते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : अशी मोटार पूर्ववत करताना तबकडी आधी गायगर काउंटरने तपासावी, रंग कधीही खरवडू नये. धुळीवाटे शरीरात शिरलेले रेडियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत जाऊन बसते. ओठांनी कुंचल्याला टोक काढत तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकेतील कित्येक तरुणी १९२० च्या दशकात अशाच दगावल्या.